टँकरवर 'इन्फ्लेमेबल' अन डब्यावर 'फ्लेमेबल', नक्की फरक काय?

सायलीची_आई: पेट्रोलच्या टँकरमागे 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं आणि घरी थिनरचा डबा आणला त्यावर नुसतं 'फ्लेमेबल'. लेक विचारते, इनव्हिजिबल म्हणजे न दिसणारं तर इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारं का गं? तिला काय सांगू, आणि लिहिताना कुठला शब्द वापरायचा?

शब्दवेडा: अर्थ एकच, पटकन पेट घेणारं. लेकीचं लॉजिक चांगलंय पण लॅटिनमधे 'इन' दोन आहेत, एक नकाराचा आणि दुसरा 'आत' या अर्थाचा, जो क्रियापदाला जोर देतो. 'फ्लामा' म्हणजे ज्वाळा, 'इन्फ्लामारे' म्हणजे पेटवणं, त्यातून फ्रेंचमार्गे 17व्या शतकात इन्फ्लेमेबल इंग्रजीत आला. डॉक्टर इन्फ्लेमेशन म्हणतात ना, अंगात दाह होणं, तेही याच घरातलं. फ्लेमेबल मागून आला, 19व्या शतकात.

प्लांटवाला: वरचं बरोबर, पण कुठला वापरायचा हे मी सांगतो, केमिकल प्लांटमधे सेफ्टी बघतो मी. फ्लेमेबलच वापरा. तुमच्या लेकीला पडला तोच प्रश्न कामगाराला पडला तर जीव जाईल, म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 1920च्या दशकातच फ्लेमेबलचा आग्रह धरला. आता युनोच्या वाहतूक नियमांतही क्लास 3 म्हणजे 'फ्लेमेबल लिक्विड्स', कोपऱ्यावर उभा लाल चौकोन, ज्वाळेचं चित्र आणि खाली 3. आपल्याकडे टँकरवर जुना शब्द अजून दिसतो, तो बदलायलाच हवा असं माझं स्पष्ट मत आहे. आणि एक, पेट्रोलची वाफ उणे 40 डिग्रीच्या आसपासही ठिणगीने पेटू शकते, त्यामुळे रिकामा ड्रमसुद्धा रिकामा समजू नका, आत वाफ असते, त्याच्याजवळ वेल्डिंग अजिबात नको.

सायलीची_आई: बापरे, ड्रमचं माहितच नव्हतं! मग न पेटणारं म्हणायचं असेल तर?

शब्दवेडा: नॉन-फ्लेमेबल. आणि माणसाच्या तापट स्वभावाबद्दल किंवा भडकू शकेल अशा वातावरणाबद्दल लिहायचं असेल तर तिथे इन्फ्लेमेबलच शोभतो, लेबलवर तेवढा नको. भडकाऊ भाषण मात्र इन्फ्लेमेटरी, ते पेटवतं, स्वतः पेटत नाही.