बुटाचा नंबर संध्याकाळी बघा
वर एकाने विचारलंय की ऑफिसच्या बुटाचाच नंबर रनिंगला घ्यावा का, तर अजिबात नको, मी तेच केलं होतं आणि ठाण्यात उपवन तलावाला महिनाभर फेऱ्या मारल्यावर अंगठ्याचं नख काळंनिळं. पळताना पाय फुगतो आणि उतारावर बुटात पुढे सरकतो (येऊरच्या डोंगरावरून खाली येताना तर विचारूच नका), त्यामुळे सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवीच, म्हणजे बहुतेक अर्धा ते एक नंबर मोठा. दुकानात संध्याकाळी जा, पळायचे मोजे घेऊन जा, दोन्ही पायांत घालून बघा कारण बऱ्याच जणांचा एक पाय जरा मोठा असतो, त्याच्या मापाने घ्यायचं. ओल्या पायाचा ठसा फरशीवर बघून तळपायाची कमान (मधला उचललेला भाग) किती आहे ते कळतं ठीके, पण नुसत्या त्यावर बूट ठरवू नका, तिथेच थोडं पळून बघा, जो आरामात वाटेल तो घ्या, सेल्समन काहीही सांगू दे. आणि हो, साधारण ५०० ते ८०० किमी झाले की आतलं कुशन दबून जातं, वरून बूट नवा दिसला तरी. पावसात भिजले तर आत पेपर कोंबून पंख्याखाली ठेवा, कडक उन्हात नको, सोल सुटतो.