मदत हवी आहे: गोल्फमध्ये पट मारताना डोळ्यासमोरचं चित्र टिकत नाही

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याचा. गोल्फ खेळायला पुण्याला, येरवड्यापर्यंत जावं लागतं, त्यामुळे एरवीचा सराव म्हणजे गच्चीवर जुना गालिचा अंथरून पटिंग, म्हणजे जवळून हलक्या टोल्याने चेंडू भोकात घालणं. (घरच्यांच्या मते हा उतारवयातला विटीदांडू आहे.)

गोल्फचा दिग्गज खेळाडू जॅक निक्लॉस सांगायचा की सरावातसुद्धा मनात स्वच्छ चित्र उभं केल्याशिवाय तो शॉट मारत नाही. आधी चेंडू थांबणार ती जागा, मग तिथवरची त्याची वाट, आणि शेवटी स्वतःचा स्विंग. गच्चीवर हे झकास जमतं. कोर्सवर चेंडूच्या मागे उभा असेपर्यंतही जमतं. पण वाकून पटर (पटिंगची काठी) टेकवला की चित्र गायब! १०८ मिलिमीटरचं भोक अंगठीएवढं दिसायला लागतं, मूठ आवळली जाते आणि तीन-चार फुटांचा सोपा पट उजवीकडून निसटतो. बरोबरचे म्हणतात, "स्टान्स (उभं राहायची ढब) बदल." मला नाही पटत, कारण गच्चीवर तोच स्टान्स असतो.

आपल्या साताऱ्यात तिरंदाजीचं वातावरण चांगलं आहे. अदिती स्वामी इथलीच, २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. म्हणून तिरंदाजी किंवा नेमबाजी करणाऱ्यांना खास विचारतो: नेम धरल्यापासून सोडेपर्यंतच्या त्या काही सेकंदांत मनात नेमकं काय धरून ठेवता? लक्ष्य, श्वास, की एखादा शब्द? आणि घरी त्याचा सराव कसा करता? नुसतं "ध्यान करा" नको, ते रोज पहाटे चालूच आहे.