अनुभव धागा: शेपूटवाल्या इंग्रजी क्रियापदांशी तुमची गाठ कुठे पडली?

‘पुट’ माहीत, ‘ऑफ’ माहीत. तरी ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणं, हे त्या दोघांवरून कळत नाही. व्याकरणात यांना फ्रेजल व्हर्ब म्हणतात. मराठी शाळेत शिकलेल्या वैदर्भीयांनो, ती तुमच्या अंगवळणी कशी पडली ते लिहा. याद्या नकोत, गाइडात ढीगभर आहेत.

हिंगणघाट, जिनिंगचा हिशेब
आमच्याकडे ‘पिक अप’ दोन तऱ्हांनी येतं. सूतगिरणीवाल्याचा मेसेज: ‘वुई विल पिक अप द बेल्स ऑन मंडे’. म्हणजे गाठी सोमवारी उचलणार. त्याचाच दुसरा: ‘रेट्स हॅव पिक्ड अप’. इथे कोणी काही उचलत नाही, भाव चढलेत. मी पुढे कर्म आहे का ते पाहतो. गाठी दिसल्या तर उचलणं. काहीच नसेल तर भाव किंवा धंदा सुधारला. प्रत्येक ठिकाणी चालेल असं नाही, कापसाच्या सीझनला पुरतं. ‘होल्ड ऑफ’ आलं की ट्रक भरायचा नाही, थांबायचं.

दर्यापूर तालुका, शिक्षिका
राज्यात २००० पासून पहिलीलाच इंग्रजी आहे, तरी सातवीतली मुलं ‘टर्न ऑफ इट’ लिहितात. मी शेतातल्या मोटरीवरून शिकवते. ‘टर्न ऑफ द मोटर’ चालतं, ‘टर्न द मोटर ऑफ’ही चालतं. मोटरीच्या जागी ‘इट’ आलं की ते मधेच बसणार: ‘टर्न इट ऑफ’. लगेच कोणीतरी विचारतं, मग बकऱ्यांसाठी ‘लुक देम आफ्टर’? नाही. ‘लुक आफ्टर’ फुटत नाही. ‘लुक आफ्टर देम’च. हे पाठच करावं लागतं.

चिमूरकडची आरोग्यसेविका
भाच्यानं बायोडाटात लिहिलं, ‘आय पास्ड आऊट इन २०१९’. आपल्याकडे हे कोणाला खटकत नाही. इंग्लंड-अमेरिकेत वाचणाऱ्याला आधी बेशुद्ध पडणं आठवेल (ब्रिटिश कॅडेट मात्र ‘पास आऊट’ होतात). ‘ग्रॅज्युएटेड’ लिही म्हटलं, तर म्हणे, “मावशी, एचआर त पुण्याचीच आहे ना!” मग राहू दे.

कारंजा
यात नवल काय बे? ‘देऊन टाक’, ‘बोलून टाक’ म्हणतो तवा कोन काय फेकून राह्यलं? फरक इतकाच का इंग्रजीत अर्थच पलटून जाते: ‘गिव्ह’ देनं, ‘गिव्ह अप’ सोडून देनं, ‘गिव्ह इन’ नमतं घेनं.

दर्यापूर, पुन्हा
यातलं ‘गिव्ह अप’ फुटतं बरं का. खर्रा सोडायचा तर ‘गिव्ह इट अप’. ‘गिव्ह इन’ला कर्मच लागत नाही, तेव्हा मधे घालायला काही नाही.