प्रति: राखीव जागा आणि ‘सरपंचपती’

राखीव जागेवर बाई निवडून येते आणि कारभार नवरा करतो, त्या ‘सरपंचपती’वर वर बरंच लिहून झालंय. पण बाईची अडचण त्याआधी, ग्रामपंचायत निवडणुकीचा अर्ज भरतानाच सुरू होते. ओबीसी महिला राखीव जागेला जात माहेरची लागते, नवऱ्याची चालत नाही. म्हणजे वडील, आजोबा किंवा चुलत्यांचा १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा हवा: शाळेचा दाखला, नाहीतर गाव नमुना १४ (गावातली जुनी जन्म-मृत्यू नोंदवही). तो बहुधा दुसऱ्या तालुक्यात, आणि भावाशी जमिनीचा वाद असेल तर मिळालाच म्हणायचा! शिवाय जातीच्या दाखल्यावर माहेरचं नाव, मतदारयादीत सासरचं. विवाह नोंदणी दाखला जोडा. जात पडताळणी समितीकडे प्रस्ताव दिल्याची पावती आणि हमीपत्रावर अर्ज स्वीकारला जातो, पण निवडून आल्यावर समितीचं जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तर पद जातं. विरोधक त्याचीच वाट बघत असतात.