निकेल-तांबे सल्फाइड: निकेल तर प्रत्येक पेरिडोटाइटमध्ये असतं, मग साठे इतके विरळ का?

तळखडक:
पेरिडोटाइट म्हणजे प्रावरणाचा (पृथ्वीच्या कवचाखालच्या थराचा) मुख्य खडक; त्यात ०.२ ते ०.३ टक्के निकेल असतंच. बेसाल्टी मॅग्मात हजारेक पीपीएम (दशलक्षांत हजारेक भाग) गंधकही असतं. दोन्ही गोष्टी पहिल्यापासून हजर. पुढचं सगळं पुस्तकं एका ओळीत उरकतात: मॅग्मा गंधकाने संपृक्त झाला, सल्फाइडचे थेंब वेगळे झाले, जड म्हणून तळाशी बसले. एवढं सोपं असतं तर प्रत्येक मोठ्या गॅब्रोच्या (खोलवर गोठलेल्या बेसाल्टी मॅग्माच्या खडकाच्या) तळाशी खाण निघायला हवी होती.

माझ्या शंका अशा. मॅग्मात स्वतःचं गंधक असताना बाहेरून गंधक यावंच लागतं असं का म्हणतात? दोन ठिकाणी सारखंच दिसणारं भरीव सल्फाइड, पण एकात निकेल १ टक्का आणि दुसऱ्यात ६, हे कसं? आणि एकाच साठ्यात तांबं एकीकडे, निकेल दुसरीकडे असं का होतं?

ऑलिव्हिन_६०:
पहिल्या शंकेपुरतं लिहितो. तिथेच सगळी मेख आहे.

प्रावरणात गंधक साधारण २०० ते २५० पीपीएम, तेही सल्फाइडच्या रूपात. खडक ५-१० टक्केच वितळला तर सल्फाइडचा काही भाग मागे राहतो, आणि तांबं व प्लॅटिनम गटातले धातू त्यालाच चिकटून बसतात. असा मॅग्मा जन्मतःच कंगाल. वितळण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास गेलं की सल्फाइड संपतं आणि सगळे धातू मॅग्मात येतात. निकेलचं थोडं वेगळं आहे. ते मुख्यतः ऑलिव्हिनमध्ये (मॅग्नेशियम-लोहाच्या सिलिकेट खनिजात) असतं, म्हणून जितकं जास्त वितळेल तितकं ते जास्त मिळतं: बेसाल्टमध्ये १०० ते ३०० पीपीएम, कोमाटिआइटमध्ये (फार गरम, मॅग्नेशियमबहुल प्राचीन लाव्हात) हजाराच्या वर.

आता खरी अडचण. मॅग्मा किती गंधक विरघळवून ठेवू शकतो हे तापमान, लोह आणि दाब यांवर ठरतं. तापमान आणि लोह वाढलं की क्षमता वाढते. दाबाचं मात्र उलटं आहे: दाब कमी झाला की क्षमता वाढते. म्हणजे खोलवर काठोकाठ भरलेला मॅग्मा वर येता येता आपोआप अपुरा भरलेला होतो. सल्फाइड वेगळं पडायचं सोडून विरघळण्याकडेच त्याचा कल वाढतो.

तसाच थंड होऊ दिला तर तो कधीतरी संपृक्त होतोच, पण त्याआधी बराचसा भाग स्फटिक होऊन गेलेला असतो. ऑलिव्हिन निकेल ओढून घेतं, त्यामुळे उशिरा आलेल्या सल्फाइडच्या वाट्याला तांबं येतं, निकेल जवळपास नाही. शिवाय ते थेंब घट्ट होत चाललेल्या स्फटिकांच्या लगद्यात अडकून विखुरलेलेच राहतात.

म्हणून निकेल अजून मॅग्मात आहे, मॅग्मा गरम आणि पातळ आहे, अशा वेळी एकदम गंधक ओतणारं काहीतरी वाटेत भेटावं लागतं. रशियातल्या नोरील्स्कला ते अँहायड्राइटच्या (कॅल्शियम सल्फेटच्या) थरांच्या रूपात भेटलं, अमेरिकेतल्या डुलुथला व्हर्जिनिया फॉर्मेशनच्या गंधकयुक्त शेलमध्ये, कॅनडातल्या व्हॉइसीज बेला टासिउयाक नाइस या रूपांतरित खडकात. ऑस्ट्रेलियातल्या काम्बाल्डाचं तर बघण्यासारखं आहे: लाव्हाच्या मुख्य वाहिन्यांखाली सल्फाइडयुक्त गाळाचे थर गायब आहेत आणि बाजूला ते शाबूत आहेत. १६०० अंशांच्या आसपासच्या कोमाटिआइटने आपला तळच वितळवून खाल्ला.

अँहायड्राइटबद्दल एक टीप. त्यात गंधक सल्फेटच्या रूपात असतं. त्याचं सल्फाइड व्हायला कुणीतरी ऑक्सिजन काढून घ्यायला हवा: मॅग्मातलं फेरस लोह, किंवा शेजारच्या थरांतला कोळसा व सेंद्रिय पदार्थ. नुसता अँहायड्राइट दिसला म्हणून हुरळून जाऊ नये.

गंधक३४:
वरचं बहुतेक पटतं, पण 'बाहेरचं गंधक' सिद्ध करताना लोक फार घाई करतात, म्हणून मध्ये बोलतो.

प्रावरणातल्या गंधकाचं डेल्टा-३४ मूल्य (गंधक-३४ आणि गंधक-३२ या समस्थानिकांचं गुणोत्तर मानकापेक्षा हजारी किती वेगळं ते) शून्याच्या आसपास असतं. नोरील्स्क-तालनाखच्या धातुकात ते साधारण +८ ते +१२ येतं, तिथे वाद उरत नाही. पण शून्याजवळचं मूल्य आलं म्हणजे गंधक प्रावरणातलंच, हा निष्कर्ष चुकीचा आहे. कारणं दोन. एक, सल्फाइडचा थेंब भरपूर ताज्या मॅग्माशी संपर्कात राहिला तर गंधकाची देवाणघेवाण होऊन बाहेरची खूण पुसट होते. दुसरं, आर्कियन (२५० कोटी वर्षांहून जुन्या) काळातल्या गाळाचं डेल्टा-३४ मूल्य मुळातच शून्याच्या जवळपास घुटमळतं. तिथे गंधक-३३ या समस्थानिकाची विसंगती (अपेक्षित प्रमाणापासूनचा फरक) मोजावी लागते. ऑक्सिजनविरहित वातावरणात अतिनील किरणांमुळे तयार झालेली ती खूण आहे आणि मॅग्मात गंधक नुसतं विरघळल्याने ती नव्याने तयार होत नाही. कोमाटिआइटशी निगडित साठ्यांत ती सापडली, तेव्हा गाळाचं गंधक हा मुद्दा पक्का झाला.

गंधक-सेलेनियम गुणोत्तरही वापरतात. प्रावरणात ते ३००० च्या आसपास असतं आणि गाळाच्या गंधकाने वाढतं. पण नंतर गरम पाण्याने गंधक वाहून नेलं तर तेच गुणोत्तर खाली येतं. बदललेल्या खडकात एकट्या या आकड्यावर विसंबू नका.

आणि कॅनडातलं सडबरी या सगळ्यात बसत नाही, हेही लक्षात असू द्या. १८५ कोटी वर्षांपूर्वीच्या उल्कापाताने तिथे कवचच वितळलं, धातू आणि गंधक दोन्ही तिथलेच. अतितप्त रस थंड होताना सल्फाइड वेगळं झालं. शोधमोहिमेचं प्रारूप म्हणून ते दुसरीकडे लावायला जाऊ नये.

आकडेमोड:
एक टक्का की सहा, याचं उत्तर 'आर' या आकड्यात आहे: सल्फाइडच्या एका भागाचा मॅग्माच्या किती भागांशी प्रत्यक्ष संपर्क आला. कॅम्पबेल आणि नाल्ड्रेट यांनी १९७९ मध्ये मांडलेलं सूत्र असं:

सल्फाइडमधलं प्रमाण = मॅग्मातलं मूळ प्रमाण × वि × (आर + १) ÷ (आर + वि)

'वि' म्हणजे विभाजन गुणांक, समतोलात धातू सल्फाइडमध्ये मॅग्माच्या किती पट जातो तो. निकेलसाठी ५००, तांब्यासाठी १०००, पॅलेडियमसाठी एक लाख धरू. मॅग्मात निकेल २०० पीपीएम, तांबं १२० पीपीएम, पॅलेडियम १० पीपीबी (अब्जांत १० भाग).

आर १० असेल तर सल्फाइडमध्ये निकेल ०.२ टक्के. भरीव सल्फाइड, चकचकीत, आणि कचरा.
आर १०० असेल तर निकेल १.७ टक्के, तांबं १.१, पॅलेडियम १ ग्रॅम प्रतिटन.
आर १००० असेल तर निकेल ६.७ टक्के, तांबं ६, पॅलेडियम १० ग्रॅम.

आर त्यापुढे वाढवला तरी निकेल १० टक्क्यांच्या वर जात नाही, कारण वि त्याला अडवतो. पॅलेडियम मात्र चढतच जातं: एक लाखाला ५०० ग्रॅम. दक्षिण आफ्रिकेतल्या बुशवेल्डच्या मेरेन्स्की रीफसारख्या ठिकाणी सल्फाइड जेमतेम एक-दोन टक्के असूनही प्लॅटिनमची खाण चालते, ती यामुळे.

म्हणजे गंधक जास्त मिळणं हेही संकटच. शेलचा मोठा तुकडा थोड्याशा मॅग्मात पडला की ढीगभर पिऱ्होटाइट (लोहाचं सल्फाइड) तयार होतं आणि निकेल त्यात पातळ वाटलं जातं. वाहता मार्ग हवा, ज्यातून नवा मॅग्मा थेंबांना सतत धूत जाईल.

मार्ग हवा याचं दुसरं कारण साधा हिशोब आहे. मॅग्मा ०.१ ते ०.१५ टक्के गंधक धरतो, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी सल्फाइड. ज्या छोट्या अंतर्वेशी (जुन्या खडकात घुसून गोठलेल्या) खडकात ५ टक्के सल्फाइड आहे, तिथून कितीतरी पट मॅग्मा पुढे निघून गेलेला असणार.

थेंब साचतात कुठे? सल्फाइड द्रवाची घनता ४.२ ते ४.५, मॅग्माची २.७ ते २.८. चिकटपणा ५० पास्कल-सेकंद धरला तर २ मिलिमीटर व्यासाचा थेंब तासाला २५ सेंटिमीटर खाली जातो, २ सेंटिमीटरचा तासाला २५ मीटर. भित्तीतून (मॅग्माने भरलेल्या उभ्या भेगेतून) वर चढणारा मॅग्मा याहून कितीतरी वेगवान, त्यामुळे अरुंद जागी थेंब वरच वाहत जातात. वाट रुंदावली, वळली किंवा तळाला खळगा आला की वेग पडतो आणि ते तिथे बसतात. व्हॉइसीज बेचा 'ओव्हॉइड' पिंड भित्तीच्या अशाच फुगवट्यात आहे. म्हणून भोकं मारताना मोठ्या खडकपिंडाच्या मध्यावर वेळ घालवण्यापेक्षा त्याच्या पोषक वाटा शोधा.

पातळ_काप:
तांबं-निकेल वेगळं होतं ते थंड होताना. सल्फाइड द्रवातून ११०० अंशांच्या आसपास आधी लोह-निकेल सल्फाइडचं एकसंध घनद्रावण स्फटिक होऊ लागतं. कोबाल्ट, इरिडियम, ऱ्होडियम त्यात जातात. तांबं, प्लॅटिनम, पॅलेडियम, सोनं, बिस्मथ, टेल्युरियम यांना त्यात जागा नसते, ते उरलेल्या द्रवात साठत जातात. हा द्रव साधारण ९०० अंशांपर्यंत पातळ राहतो आणि फटींतून निसटतो. सडबरीत तो खालच्या खडकात घुसून तांब्याच्या शिरा झाला. तालनाखला भरीव धातुकाचाच काही भाग तांबेबहुल आहे.

पेंटलंडाइट (निकेलचं मुख्य सल्फाइड खनिज) मात्र द्रवातून थेट क्वचितच येतं. ६५० अंशांखाली ते घनद्रावणातून बाहेर पडतं: आधी पिऱ्होटाइटच्या कणांच्या सीमांवर जाडसर कडी, मग आणखी थंड झाल्यावर कणांच्या आत ज्वालेसारखे बारीक पापुद्रे. हे पापुद्रे दळूनही सुटत नाहीत. पिऱ्होटाइटच्या जाळीत अर्धा-एक टक्का निकेल अडकलेलं असतं ते वेगळंच. दोन्ही मिळून बरंचसं निकेल टाकाऊ गाळात जातं, आणि नमुन्याचा आकडा बघून खूश झालेल्यांना ते गिरणी सुरू झाल्यावर कळतं.

तळखडक:
आभार. मग प्रत्यक्ष आकडे देतो, वाचून दाखवा. जाळीदार पोताचा (ऑलिव्हिनच्या कणांभोवती सल्फाइडचं जाळं), ऑलिव्हिनबहुल नमुना: निकेल ०.६२, तांबं ०.३१, गंधक ४.० टक्के. ऑलिव्हिन सुमारे ५५ टक्के, त्यात निकेल २२०० पीपीएम. सर्पेंटाइन (ऑलिव्हिनमध्ये पाणी शिरून होणारं खनिज) नगण्य.

आकडेमोड:
आधी ऑलिव्हिनचं निकेल वजा करा: ०.५५ × ०.२२ = ०.१२. सल्फाइडचं उरलं ०.५०. शुद्ध सल्फाइड मिश्रणात गंधक ३७ टक्के धरलं तर गुणक ३७ ÷ ४ = ९.२५. म्हणजे १०० टक्के सल्फाइडमध्ये निकेल ४.६, तांबं २.९. वजाबाकी विसरला असतात तर निकेल ५.७ आलं असतं. गंधक ०.३ टक्के असलेल्या नमुन्यात हे अजिबात करू नका. तिथे गुणक १२३ होतो आणि ऑलिव्हिनच्या अंदाजातली ०.०५ ची चूक ६ टक्के निकेल बनून येते. तिथे अमोनियम सायट्रेट-हायड्रोजन पेरॉक्साइडने फक्त सल्फाइडचं निकेल काढून मोजावं. चार आम्लांचं विघटन सिलिकेटही विरघळवतं, म्हणजे ऑलिव्हिनचं निकेलही मोजलं जातं.

सर्पेंटाइन नाही हे बरं झालं. ते भरपूर असतं तेव्हा गंधक निघून जातं, पेंटलंडाइटचं हीझलवुडाइट (कमी गंधकाचं निकेल सल्फाइड) किंवा अवारुआइट (निकेल-लोहाचा नैसर्गिक मिश्रधातू) होतं आणि हा आकडा खोटा फुगतो.

वरचाच मॅग्मा धरून उलटा हिशोब केला तर निकेलवरून आर सुमारे ४२०, तांब्यावरून ३२०. एवढा फरक चालतो. आता त्याच नमुन्यात पॅलेडियम मोजून घ्या. आर ३५० ला शुद्ध सल्फाइडमध्ये साडेतीन ग्रॅम यायला हवं आणि तुमच्या खडकात सल्फाइड ११ टक्के आहे, म्हणजे खडकात ०.३८ ग्रॅम प्रतिटनच्या जवळपास. तेवढं आलं तर मॅग्मा इथे सल्फाइड न गमावता पोचला. ०.०२ आलं तर त्याने खोलवर कुठेतरी आधीच सल्फाइड टाकलंय, आणि शोध वाटेच्या खालच्या टोकाकडे न्यायला हवा.