एचक्यू९+ चा इंटरप्रिटर लिहितेय, + चं करायचं काय?

प्रश्न:
पायथॉन शिकतेय, लूप आणि इफ-एल्स झालंय, आता एखादा इंटरप्रिटर, म्हणजे दुसऱ्या भाषेतला कोड वाचून चालवणारा प्रोग्राम, स्वतः लिहून बघावा म्हणून सोप्यात सोपी भाषा शोधली तर क्लिफ बिफलची एचक्यू९+ सापडली. चारच कमांड. एच आला की हॅलो वर्ल्ड छापायचं, क्यू आला की प्रोग्रामचा कोड जसाच्या तसा, ९ आला की बिअरच्या ९९ बाटल्यांचं अख्खं गाणं, आणि + आला की अ‍ॅक्युम्युलेटर म्हणजे साठवलेला आकडा एकने वाढवायचा. पहिल्या तीन झाल्या. पण वाढवलेला आकडा दाखवायची कमांडच नाहीये! माझं काही वाचायचं राहिलंय का?

उत्तर १:
नाही, भाषाच तेवढी आहे. तो आकडा छापता येत नाही, त्यावरून काही ठरवताही येत नाही, तरी व्हेरिएबल ठेव, नियमात आहे. नवीन भाषा दाखवताना लोक हॅलो वर्ल्ड, ९९ बाटल्या आणि क्वाइन म्हणजे स्वतःचाच कोड छापणारा प्रोग्राम, हे हमखास दाखवतात ना, बिफलने ते एकेका अक्षरात बसवले. म्हणजे नमुने बघितले तर ही सगळ्यात भारी भाषा आणि दोन आकड्यांची बेरीज सांग म्हटलं तर येत नाही. मला हे फार आवडतं.
फाइल आधी पूर्ण एका स्ट्रिंगमध्ये घे आणि मग लूप फिरव, नाहीतर क्यू आला तेव्हा पुढचा कोड हातातच नसेल. आणि गाण्यात एक बाटली उरते तिथे अनेकवचन काढायला विसरू नकोस.

उत्तर २:
क्यू नीट तपासून बघ, खरी मजा त्यात आहे. नुसता क्यू हा क्वाइन आहे. क्यूक्यू नाही, कारण दोन अक्षरं दोनदा छापून चार होतात. पण क्यू+ परत क्वाइन, कारण + काहीच छापत नाही, म्हणजे तुझ्या त्या + चा एवढा तरी उपयोग झाला. आउटपुट जुळत नसेल तर शेवटचा एन्टर बघ, एडिटर फाइलच्या शेवटी एक टाकतो आणि पायथॉनचा प्रिंट वर आणखी एक.

उत्तर ३:
हे झालं की लगेच ब्रेनफक ही भाषा घे. अर्बन म्युलरने १९९३ मध्ये अमिगा कॉम्प्युटरवर केली, कंपायलर शक्य तितका लहान करायचा म्हणून. आठ चिन्हं, ३०,००० घरांची पट्टी आणि एक पॉइंटर, बस. पण ही ट्युरिंग कम्प्लीट आहे, म्हणजे तत्त्वतः कुठलीही आकडेमोड हिच्यात लिहिता येते, एचक्यू९+ नाही. सहा चिन्हं पटकन होतील, खरं काम चौकटी कंसांचं, तो लूप आहे आणि आत आणखी लूप येऊ शकतो. चालवायच्या आधीच एकदा कोडवरून फिरून कुठल्या कंसाची जोडी कुठे आहे ते स्टॅक (शेवटी ठेवलेलं आधी निघतं अशी यादी) वापरून डिक्शनरीत भरून ठेव.

प्रश्नकर्ती:
एन्टरच होता! प्रिंटला एंड रिकामं दिलं आणि क्यू+ जुळलं, खूप थँक्स सगळ्यांना. ब्रेनफक चालू केलंय, एक विचारायचंय, उघडणाऱ्या कंसाला जोडीच नसेल तर चालवायच्या आधीच एरर द्यायचा ना?

उत्तर ३:
हो. फिरून झाल्यावर स्टॅकमध्ये काही उरलं तर एरर, आणि बंद होणारा कंस आला तेव्हा स्टॅक रिकामा असला तरी एरर.