आईची पी-टाऊ २१७ ही रक्ततपासणी करावी का?

आई ७१ ची आहे, हल्ली एकच गोष्ट पाचपाचदा विचारते, परवा तर दूध गॅसवर ठेवून देवळात गेली. रक्तातून अल्झायमर कळतो म्हणे, पण पुढे किती झपाट्याने विसरत जाईल तेही कळतं का? मामा म्हणतोय करूनच टाका.

> मेंदूत अमायलॉइड (अल्झायमरमध्ये साचणारं प्रथिन) साचायला लागलं की रक्तात पी-टाऊ २१७ हे प्रथिन वाढतं. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-तपासण्या मंजूर करणारी सरकारी संस्था) ल्युमिपल्स नावाची अशी टेस्ट मंजूर केली, पण ती ५५ च्या पुढच्या, लक्षणं असलेल्यांसाठी आणि तीही डॉक्टरांच्या तपासणीला जोड म्हणून. आकडा जास्त असलेल्यांची घसरण सहसा वेगाने होते हे खरं, पण एकट्या माणसाचं भविष्य त्यावरून सांगता येत नाही.

> आधी बी१२ आणि थायरॉइड बघा हो! त्यानेही विसरायला होतं आणि ते औषधाने सुधारतं. आणि क्रिएटिनिन कराच, किडनी अधू असेल तर पी-टाऊ उगाच वाढलेला दिसतो.

> एनएफएल (मज्जापेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) पण करायला सांगतील, पण तो एकट्या अल्झायमरचा नाही, स्ट्रोकनंतरही वाढतो.

शुगर आहे तिला, मेटफॉर्मिन कित्येक वर्षं चालूय.

> मग बी१२ आधी! मेटफॉर्मिनने ते कमी होतं. रिपोर्ट घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा, मामांना म्हणावं जरा दम धरा.